ओलीपर्यंत

वाळूची पाटी डोक्यावर घेऊन तुर्किया चढ निम्मा चढली, तेव्हा खाली झाडांमध्ये काम करणारे गडी हात थांबवून आपल्याकडे बघतायत हे तिला न बघताही कळलं. फावड्यांचा आवाज बंद झाला होता. पाय घोट्यापर्यंत रुतत होता, वर टाकलेलं पाऊल अर्धं खाली घसरत होतं, आणि मान ताठ ठेवायची म्हणजे श्वास तोंडाने घ्यावा लागत होता. तिने ओढणीचं टोक दातात धरलं आणि पुढचं पाऊल टाकलं.

वरून हाश्मी उतरत आला. तिच्या नवऱ्याचा, लाझरचा, थोरला भाऊ. रुंद खांद्यांचा, वाळू वाहून वाहून मान आत गेलेला माणूस. तो तिच्या वाटेत येऊन उभा राहिला.

"आज कोणाची पाळी?" त्याने विचारलं. विचारलं तिला, पण खालच्या गड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"आमची. त्यांची."

"मग तो कुठाय?"

"त्यांना बरं नाही. तुम्हाला ठाऊक आहे, भाऊजी."

हाश्मीने पुढे काही न विचारता दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावरची पाटी उचलली, स्वतःच्या खांद्यावर घेतली, वर नेली आणि काठापलीकडे रिकामी केली. परत आला तेव्हा ती तिथेच उभी होती. पाटी त्याने तिच्या हातात दिली नाही, खाली गड्यांच्या दिशेने भिरकावली.

"आमच्या घरच्या बायका वाळू वाहताना गावाने बघायच्या एवढंच राहिलं होतं. घरी जा. लाझरला सांग, त्याची झाडं मी बघतो. पण जो बघेल तोच फळं खाईल, हेही सांग."

खाली कोणीतरी खोकल्यासारखं हसलं.

वाळवंटातल्या या सूफच्या मुलखात खजुराला पाणी घालत नाहीत, खजूरच पाण्यापाशी नेऊन ठेवतात. वाळूच्या टेकड्या पाटी पाटी उपसून कढईसारखी खोल बाग करायची, तळाला ओल लागली की तिथे झाड उभं करायचं, आणि मग जन्मभर वाऱ्याने ओतलेली वाळू पहाटेपासून बाहेर नेत राहायचं. वरून चालणाऱ्याला झाडांचे शेंडे तेवढे दिसतात. ज्याने वाळू काढणं सोडलं त्याचे शेंडेही दिसेनासे होतात. सासऱ्याच्या या बागेतली अर्धी झाडं लाझरची होती. पण ऐन तारुण्यात तो सरहद्दीपलीकडे ट्युनिसच्या मुलखात फॉस्फेटच्या खाणीत गेला. त्याच्या कमाईवर दोन्ही घरं उभी राहिली, आणि त्याच्या वाटची वाळू हाश्मीच्या मानेवर गेली. आता लाझर परत आला होता तो छातीत खाणीची धूळ घेऊन. दोघे भाऊ आपापल्या जागी खरं बोलत होते, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं.

लाझर अंगणात भिंतीला टेकून उन्हात बसला होता. खजुराच्या काथ्याची दोरी वळत होता. तिला एवढ्या लवकर आलेली बघून त्याचे हात थांबले.

"पाठवलं परत?"

"पाठवलं."

"लोकांसमोर?"

"त्याशिवाय काय मजा?"

लाझर हसला, आणि हसण्यातून खोकला सुरू झाला. खोकला त्याला वाकवून, गुडघ्यांत डोकं घालायला लावून मगच थांबला. तुर्किया त्याच्याकडे न बघता मागच्या दाराशी गेली. घर गावाच्या टोकाला होतं. परसाची बुटकी भिंत, त्यात झावळ्यांचा मांडव, शेळीचा गोठा, आणि भिंतीपलीकडे दोन टेकड्यांच्या मधला ओसाड खळगा. पश्चिमेच्या टेकडीपलीकडे सासऱ्याची बाग. 

"या खळग्यात पाणी किती खाली असेल हो?"

"कुठल्या? तिथे शेळीसुद्धा लेंडी टाकत नाही."

"विचारलं तेवढं सांगा."

तो भिंत धरत धरत आला. डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिला. "बाबांच्या बागेचा तळ धरला, तर इथून तीन पुरुष खाली. आणि मध्ये खडकाचा थर. तुर्किया, तुझ्या डोक्यात ऊन गेलंय. एक बाग करायला एक जन्म जातो."

"बाग कोण म्हणतंय? दोन-तीन झाडं लावायची. भिंत आहे ती पलीकडे सरकवायची, की खळगा माझ्या परसात आला. माझ्या परसात मी डोक्यावर वाळू घेते की हंडा, ते बघायला भाऊजी येणार आहेत?"

"आणि त्याला फळ धरेल तेव्हा मी कुठे असेन?"

मुलगी, रेब्हा, शेळीचं दूध काढत होती. तिचा हात क्षणभर थबकला. मग दुधाची धार पुन्हा भांड्यावर वाजायला लागली.

"तुम्ही दोरी वळा," तुर्किया म्हणाली. "पाट्या तुटणार आहेत, दोरी लागेल."

पहिले दिवस सोपे गेले, म्हणजे पुढच्या दिवसांच्या मानाने. खळग्याच्या तळाशी मायलेकी फावड्याने पाट्या भरत आणि डोक्यावर घेऊन पश्चिमेच्या काठावर नेऊन ओतत. पूर्वेचा काठ उंच होता, तिकडे नेणं जमत नव्हतं. खणलेल्या खड्ड्याच्या बाजू ढासळत, काल काढलेलं आज पुन्हा तळाशी येऊन बसे, आणि रेब्हा फावडं आपटून म्हणे, "आई, ही कालचीच वाळू आहे. मी ओळखते हिला." तुर्कियाच्या टाळूवरचे केस पाटीखाली झिजून गेले. मान उजवीकडे वळेना. घासात, दातात, डोळ्यांच्या कोपऱ्यात, अंथरुणात वाळू. गरम वाळूत भाजलेली भाकरी झटकून खायची सवय लहानपणापासून होती, पण आता झटकायचंही त्राण नसे. दोघी तशीच कचकच चावून गिळत.

लाझर काठावर बसून फाटलेल्या पाट्या शिवे. खाली उतरायची त्याला बंदी होती. तो तिथून हुकूम सोडत असे. "बाजू सरळ काढू नकोस, उतरती काढ. अजून उतरती. खाणीत असं खणलं असतंस तर कधीच गाडली गेली असतीस."

"मग तुम्ही या ना गाडून घ्यायला."

"बोलाव, येतो."

"नको. तिथेच बसा, शोभताय."

असं बोलणं झालं की ते दिवसभर पुरे.

एका सकाळी पश्चिमेच्या काठावर हाश्मी उभा दिसला. नव्या वाळूच्या ढिगाभोवती तो फिरला, मूठभर वाळू उचलून त्याने हवेत सोडली आणि ती कुठे जाते ते बघितलं. मग खाली न उतरता तिथूनच ओरडला.

"लाझर! हे काय चाललंय?"

"परस मोठं करतोय, दादा."

"परस? हा ढीग पूर्वेच्या वाऱ्यात कुठे जाईल ते कळतं का तुला? पहिल्या वावटळीत तो सगळा माझ्या झाडांच्या डोक्यावर येऊन बसेल."

"आपल्या झाडांच्या," लाझर म्हणाला.

हाश्मीचा चेहरा लाल झाला. "तू खाणीत गाणी म्हणत होतास तेव्हा ती झाडं मी वाळूतून उपसून काढलीत. बापाचा जनाजा उचलला त्या दिवशी पण, दफन करून येऊन मी पाट्या वाहिल्यात. आणि आता तू माझ्या उशाशी डोंगर रचून ठेवतोस?"

रेब्हाने तेवढ्यात चहाचा पेला आणून त्याच्यापुढे धरला. "घ्या काका. पुदिना घातलाय. ओरडून घसा सुकला असेल."

त्याने पेला घेतला नाही. "हाजी मिलूदला घेऊन येतो," म्हणाला आणि गेला.

बागांची भांडणं हाजी मिलूदच तोडत असे. काठी टेकत म्हातारा त्याच दुपारी आला. ढीग बघितला, खड्डा बघितला, वाऱ्याकडे नाक करून उभा राहिला. हाश्मी बोलला, लाझर बोलला. तुर्किया दाराआड उभी राहून ऐकत होती. लाझरचं वाक्य खोकल्याने मध्येच तुटलं तेव्हा म्हाताऱ्याने पूर्ण होईपर्यंत वाट बघितली.

"हाश्मी म्हणतो ते खोटं नाही," हाजी शेवटी म्हणाला. "हा ढीग त्याची बाग गाडेल. पण ओसाड वाळूवर कोणाची मालकी नसते. तिथे ज्याचं झाड ओलीला लागलं, जागा त्याची, आणि मग शेजाऱ्याने त्याच्याशी निभावून घ्यायचं. नुसत्या खड्ड्यासाठी मात्र मी कोणाची बाग गाडू देणार नाही. शुक्रवारी नमाजनंतर येतो. तोवर ढिगावर झावळ्यांचं कुंपण घाला. झाड ओलीत उभं असेल तर ठीक. नसेल तर सगळी वाळू परत खड्ड्यात."

"येत्या शुक्रवारी?" लाझरने विचारलं. "अजून खडकही लागला नाही."

"वावटळीचे दिवस आलेत, बाळा. त्याहून जास्त मी थांबू शकतो, वारा थांबेल का?"

दुसऱ्याच दिवशी फावडं ठणकलं. वाळू बाजूला केली तर खाली पांढरट खडकाचा थर, दगडी पाकळ्या एकमेकींत रुतून बसलेला. पाकळ्यांच्या कडा सुऱ्यासारख्या. तुर्कियाने पहार मारली. पहार उडाली आणि तिच्या तळव्याची कातडी घेऊन गेली. रेब्हाने मारली, तर टवका उडून कपाळाला लागला. संध्याकाळपर्यंत दोघींनी मिळून थाळीएवढी जागाही फोडली नाही.

सकाळी तुर्किया उठली तेव्हा लाझर अंथरुणात नव्हता. खड्ड्यातून ठोके ऐकू येत होते, बारीक, एकसारखे. ती धावत काठावर आली. तो तळाशी मांडी घालून बसला होता. तोंडाभोवती ओलं फडकं गुंडाळलेलं. पहार उभी न मारता आडवी, पाकळ्यांच्या सांध्यात घालून तो वरून हातोडीने ठोकत होता. थर पापुद्र्यासारखा सुटत होता. पांढरी धूळ त्याच्या भुवयांवर बसली होती.

"वर या."

"थोडं राहिलंय."

"वर या म्हणते ना! त्या धुळीने काय केलंय ते कळत नाही का?"

त्याने हातोडी खाली ठेवली. फडकं ओढून तोंड मोकळं केलं. "परक्यांच्या खाणीत मी हेच केलं ना? त्यांच्या दगडासाठी छाती दिली. आता उरलीय थोडी, ती माझ्या दारात का नको?"

"कारण आता ती माझी आहे," तुर्किया म्हणाली आणि तिचा आवाज तुटला. त्या तुटण्याचा तिलाच राग आला. "तुमचं मेलं सगळं शहाणपण मरण्यात आहे."

"मरत नाहीये. बसून काम करतोय. तुझ्या पहारीने हा थर पुढचा रमजान आला तरी फुटणार नाही. रागावू नकोस. पाणी आणून फडकं भिजव, म्हणजे धूळ कमी जाईल."

ती तशीच उभी राहिली. मग गेली आणि पाणी घेऊन आली. त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी ती त्याच्याजवळ बसून फडकं भिजवत, पिळत, पुन्हा बांधत राहिली. एकदा पिळताना पाणी गुलाबी आलं. तिने ते वाळूत ओतलं आणि वर वाळू लोटली. त्याने बघितलं होतं.

गुरुवारी तुर्किया पहाटेच गाढव घेऊन माहेरी गेली. लग्नात बापाने तिच्या नावाने एक झाड दिलं होतं, भावाच्या बागेत. त्याच्या बुंध्याशी फुटवे आले होते, त्यांतले तीन भावाने मुळांसकट कापून दिले. पाती दोरीने आवळून, बुडखे ओल्या गोणपाटात गुंडाळून तिने ते गाढवावर लादले. "आजच लाव," भाऊ म्हणाला. "बुडखा सुकला की संपलं." मग पूर्वेकडे बघून म्हणाला, "नाहीतर थांब आजचा दिवस. आभाळ बरं दिसत नाही."

ती थांबली नाही. निम्म्या वाटेवर गाढव कान पाडून उभं राहिलं. पूर्वेचं आभाळ तांबूस झालं होतं, खालून वर भिजत जाणाऱ्या फडक्यासारखं. टेकड्यांच्या धारेवरून वाळूचे बारीक पदर उडायला लागले होते. तिने गाढवाला शिव्या दिल्या, ढकललं, शेवटी त्याच्या गळ्यात हात टाकून ओढत नेलं.

घराशी पोचली तेव्हा लाझर खड्ड्यात होता. थर फुटला होता. पाऊलभर रुंदीचं भगदाड, आणि खाली काळपट वाळू. त्याने मूठ वर करून दाखवली. मूठ उघडली तरी वाळू सांडली नाही, गोळा तसाच राहिला.

"ओल!" तो ओरडला, आणि त्या ओरडण्यासरशी खोकला. "फुटवे खाली सोड!"

"वावटळ येतेय. उद्या लावू."

"उद्या खड्डा असेल का? आजच. तुम्ही दोघी ढिगावर कुंपण बघा, मी इथे बघतो."

कुंपणाला झावळ्या नव्हत्या. हाश्मीकडे मागायची सोय नव्हती. तुर्कियाने परसातल्या मांडवाकडे बघितलं आणि रेब्हाला म्हणाली, "काढ." दोघींनी मांडव उतरवला. मग शेळीच्या गोठ्याचं छप्पर. झावळ्या ओढत ढिगावर नेल्या, बुडखे वाळूत खुपसून एकीला एक लावून उभ्या केल्या, लाझरने वळलेल्या दोरीने बांधल्या. अर्धं कुंपण उभं राहतंय तोवर वारा आला.

तो आधी कानात आला. मग समोरचं घर दिसेनासं झालं. वाळू गालांवर सुयांसारखी टोचायला लागली. दोघी कुंपणाला पाठ लावून, टाचा रुतवून बसल्या. झावळ्या त्यांच्या पाठीत घुसत होत्या, थरथरत होत्या, पण धरून होत्या. कुंपण होतं तिथला ढीग अजून जागेवर होता.

धुरळ्यातून हाश्मी आला. पागोटं तोंडाला गुंडाळलेलं, हातात फावडं. "बुजवा तो खड्डा!" तो ओरडत होता. "सगळी वाळू माझ्याकडे यायला लागलीय. ऐकू येतं का? बुजवा!"

"ते आत आहेत!" तुर्किया ओरडली.

"काय?"

"ते आत आहेत, भाऊजी! झाड लावतायत!"

हाश्मी काठावर जाऊन वाकला. तेवढ्यात पूर्वेकडची बाजू, ज्या बाजूसाठी लाझर रोज "उतरती काढ" म्हणून ओरडत असे, ती सबंध सरकली. आवाज झालाच नाही. वाळू नुसती वाहत खाली गेली, आणि लाझर होता तिथे वाळू दिसली.

तुर्कियाने कुंपण सोडलं. सोडताना तिला कळत होतं की आपण सोडतोय. पाठीमागे झावळ्या उन्मळल्याचा आवाज आला, रेब्हाची किंकाळी आली. ती घसरत, लोळत खाली गेली. हाश्मी तिच्याआधी उतरला होता. फावडं फेकून तो कुत्र्यासारखा दोन्ही हातांनी वाळू मागे फेकत होता. लाझरचं डोकं आणि एक खांदा वर होता. तोंड उघडं, श्वास येत नव्हता. तुर्कियाने त्याच्या तोंडातली वाळू बोटाने काढली, खांद्याखाली हात घालून ओढलं. तो हलेना.

"पाय अडकलाय," हाश्मी ओरडला. "खडकाच्या भोकात." तो वाळूवर पालथा पडला, खांद्यापर्यंत हात वाळूत घातला. गाल वाळूला टेकलेला, डोळे मिटलेले. "हे काय धरलंयस तू? सोड ते! सोड, लाझर!"

लाझरने डाव्या हाताने फुटवा धरला होता. भगदाडात उभा केलेला, पाती बांधलेली. वाळू वर येत होती आणि तो फुटव्याला सरळ धरून होता.

"आधी हे," लाझर कसाबसा म्हणाला. "वाकडं होईल."

"अरे गाढवा, तू मरशील!"

"मग तू धर."

हाश्मीने शिवी दिली, इतकी वाईट की तुर्कियाने आयुष्यात त्याच्या तोंडून ऐकली नव्हती. मग एका हाताने फुटव्याची पाती धरली आणि दुसऱ्या हाताने खालून भावाचा पाय सोडवला. तिघे मिळून चढ चढले, म्हणजे दोघांनी तिसऱ्याला ओढत नेलं. वर कुंपण राहिलं नव्हतं. रेब्हा दोन झावळ्या छातीशी धरून वाळूत पालथी पडली होती. हाश्मीने तिला दंडाला धरून उठवलं, सगळ्यांना घरात लोटलं, दाराला खांदा लावून दार बंद केलं. तो आत थांबला नाही.

शुक्रवारी वारा पडला होता. आभाळ धुतल्यासारखं होतं. नमाज आटोपून हाजी मिलूद आला, पाठोपाठ गावातले पाच-सहा जण, आणि शेवटी हाश्मी. त्याने तोंड धुतलं होतं, पण कानाच्या पाळीत वाळू तशीच होती. खळगा निम्मा भरला होता. दोन फुटवे उघडे पडले होते, गाभ्यात वाळू जाऊन मेलेले. तिसऱ्याची दोरीने आवळलेली पाती तेवढी कोरड्या वाळूतून वितभर वर दिसत होती.

ढिगातली बरीच वाळू टेकडीपलीकडे गेली होती. येताना सगळ्यांनी बघितलं होतं, हाश्मीच्या कडेच्या झाडांचे गळे बुजले होते.

हाजी खाली उतरला. काठीने पातीजवळ टोचून बघितलं. काठी कोरडीच निघाली. "हे नुसतं खुपसलेलं पण असू शकतं," तो म्हणाला. "बुडखा ओलीत आहे की नाही, ते खणल्याशिवाय कळणार नाही."

"खणलं तर मरेल," तुर्किया दारातून म्हणाली. पुरुषांनी वळून बघितलं. ती दाराआड गेली नाही. "मुळं धरायच्या आधी हलवलं तर मरेल, हाजी. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे, बाई. पण लाझरच्या शब्दावर मी निवाडा देऊ शकत नाही, झाड त्याचं आहे. खाली दुसरं कोणी होतं?"

तुर्किया हाश्मीकडे बघत होती. ती काल तिथे होती, पण वरच्या अंगाला, लाझरचे खांदे धरून. तळाशी हात गेला होता तो एकट्या हाश्मीचा. तो म्हणाला असता, खाली खडक होता, कोरडं होतं, तर ते खोडून काढायला या जगात कोणी नव्हतं. खड्डा बुजला असता, त्याची बाग वाचली असती. मुळात त्याला तेच हवं होतं, आणि त्यात वावगं काही नव्हतं.

हाश्मी खाली बघत उभा होता. अंगठ्याने दुसऱ्या हाताची बोटं चोळत होता.

"मी होतो," तो म्हणाला.

"मग?"

गावातला एकजण खाकरला.

"थंड लागलं हाताला," हाश्मी म्हणाला. "थर फुटलेला आहे. बुडखा त्याच्याखाली बसवलाय. चांगला बसवलाय." मग आवाज चढवून, जणू कोणीतरी त्याला विरोध करत होतं, "झाड ओलीत आहे. संपलं. पण हाजी, माझी कडेची झाडं गाडली गेलीत, ती कोण काढणार? आणि पुढच्या वाऱ्याला? कुंपणाशिवाय इथे एक पाटी वर आली तर मी ती उचलून पुन्हा यांच्या खड्ड्यात ओतीन. हे पण सगळ्यांनी ऐका."

"बरोबर आहे," हाजी म्हणाला. "कुंपण आधी, पाटी मग. जागा लाझरची."

"तुमची झाडं आम्ही मोकळी करू, भाऊजी," तुर्किया म्हणाली. "मी आणि रेब्हा. उद्या पहाटे येतो."

हाश्मीने मान वर केली. तिला वाटलं आता तो म्हणेल, आमच्या घरच्या बायका. त्याच्या ओठांवर ते आलंही होतं. गावातले लोक त्याच्याकडे बघत होते.

"झावळ्या माझ्याकडे पडल्यात," तो म्हणाला. "येताना गाढव आणा. एका खेपेत जाणार नाहीत." आणि तो टेकडी चढून निघून गेला.

लाझर आत भिंतीकडे तोंड करून पडला होता. बरगड्या बांधलेल्या होत्या, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. बाहेरचं बोलणं त्याला ऐकू आलं नसावं. तुर्किया त्याच्याजवळ टेकली.

"दिला निवाडा?"

"दिला. जागा आपली."

"दादा काय म्हणाला?"

"खरं बोलला."

लाझरची पाठ तिच्याकडे होती. तिने हात ठेवला तेव्हा ती हलत होती. खोकला नव्हता तो, खोकल्याचं हलणं तिला पाठ होतं. तिने हात काढला नाही.

"चहाला बोलवायचंस," तो म्हणाला.

"ते थांबले नाहीत."

बाहेर रेब्हाने हाक मारली. पातीभोवतीची वाळू पुन्हा सरकायला लागली होती. तुर्किया उठली, ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळली, चुंबळ त्यावर बसवली आणि खाली उतरली.